झोपू दे त्याला

पोलिसात इतकी वर्षं काढल्यावर वरून येणाऱ्या प्रत्येक हुकमाला "हे काय नवीन खूळ" म्हणायची जिभेला सवय लागते. नशेचा डोस जास्त झालेल्या माणसाला कसं वाचवायचं, ते शिकायला प्रत्येक चौकीतून एक माणूस पाठवा, असं फर्मान आलं आणि साहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझे गुडघे गेलेले, गस्तीला मी कुणालाच नको, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वर तिथे म्हणे रबरी बाहुल्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरायचा. चौकीतल्यांनी माझी यथेच्छ टर उडवली. बाहुल्याला मिशा आहेत का, इथपासून सुरुवात.

ते जाऊ द्या. मला बोलायचंय ते शिवणवाल्या बाईंबद्दल, आणि त्या मला पहिल्यांदा दिसल्या त्या त्याच कार्यक्रमात.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. बाकं लहान मुलांची, त्यात आम्ही मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन कोंबलेली. अर्धे पोलीस, अर्धे वस्तीतले लोक आणि मध्ये एक रिकामी रांग, कारण एकमेकांशेजारी बसायला कुणाचंच मन होईना. शिकवायला आरोग्य केंद्रातल्या सिस्टर होत्या. मागे कुणी लागल्यासारख्या भराभर बोलायच्या, पण बोलणं सरळ. डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्यावरच्या जालीम गोळ्या असोत की गल्लीत मिळणारी पावडर, जात एकच, म्हणाल्या. जास्त झालं की शरीर श्वास घ्यायचं विसरतं. माणूस धडपडत नाही, हाका मारत नाही, कुणाला त्रास देत नाही. नुसता श्वास कमी कमी होत जातो. ओठ आणि नखं निळी पडतात, हलवलं तरी जाग येत नाही, आणि पुष्कळदा घशातून घोरल्यासारखा आवाज येतो.

तेवढ्यात एक बाई उठून उभ्या राहिल्या. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती, म्हणजे मशीनवरून उठून थेट आलेल्या असणार. त्यांनी विचारलं, घोरल्यासारखा म्हणजे कसा. सिस्टर म्हणाल्या, लांब, ओलसर, मध्येच अडकणारा. मग त्यांनी स्वतःच्या घशातून तो आवाज काढला.

मी रस्त्यावरची प्रेतं उचललेला माणूस आहे. पण त्या आवाजानं माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मागे खुसुखुसु हसणारे आमचे दोघे एकदम गप्प झाले.

"असा?" बाईंनी विचारलं.

"असाच," सिस्टर म्हणाल्या.

बाई खाली बसल्या. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. नुसती ती टेप बोटांभोवती गुंडाळायची आणि सोडायची, गुंडाळायची आणि सोडायची. लोक पांगले तरी त्या बसूनच होत्या, तेव्हा सिस्टर त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि मीही उभा राहिलो. जाववेना तिथून.

त्यांचा एकुलता एक मुलगा फरशी बसवायचं काम करायचा. हात इतका सफाईदार की दोन फरश्यांमधली फट बोटाला लागायची नाही, असं बाई अजूनही सांगतात. वाकून वाकून त्याची कंबर धरली. गोळ्या सुरू झाल्या. कंबर सुटली, पण गोळ्या थांबेनात. मग गोळ्या मिळेनात, तेव्हा पावडर. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, घरोघरी तेच असतं, चोऱ्या, भांडणं, शपथा. शेवटी त्यानं स्वतःच सांगितलं, मला व्यसनमुक्ती केंद्रात टाका. काही महिने राहून तो बरा होऊन आला. नशा सुटली होती, पण झोपही गेली होती. रात्रभर घरात येरझाऱ्या. तो जागा म्हणून आईबाप जागे. सगळ्या घरानं देवाकडे एकच मागणं लावलं होतं, की या पोराला एक सलग झोप लागू दे.

आणि एका दुपारी लागली की हो. पोरगा जरा पाय मोकळे करून येतो म्हणून बाहेर गेला, आला, आतल्या खोलीत आडवा झाला आणि घोरायला लागला. बाहेर बाईंचं मशीन चालू होतं, कुणाचे तरी पडदे शिवायचे होते. त्यांनी मशीन थांबवलं, खडखडाटानं जाग यायची म्हणून. पडदे स्वयंपाकघरात नेले आणि हातानं दुमड घालत बसल्या. खोलीचं दार हळूच लावलं गेलं. आतून घोरणं ऐकू येत होतं तोवर घराला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. मग ते थांबलं. त्यांना वाटलं, आता गाढ लागली. चहा घेऊन उठवायला गेल्या तेव्हा अंग गार होतं.

केंद्रातून आलेल्या माणसाचं शरीर जुन्या डोसाची सवय विसरलेलं असतं, पूर्वी जेवढ्यानं भागायचं तेवढंच आता जीव घेतं, हे त्या घराला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या केंद्रवाल्यांची अशी चीड आली. पत्ता मागितला, जाऊन दोन शब्द सुनवावेत म्हणून. बाई म्हणाल्या, राहू द्या.

पुढे हेच ठिकठिकाणी शिकवत फिरायचं काम सिस्टरांकडे आलं, साहेबांनी मला त्यांच्या जोडीला दिलं, आणि बाईही आमच्याबरोबर यायला लागल्या. सिस्टर नशा उतरवणारं औषध समजावायच्या. नाकात फवारा कसा मारायचा, श्वास कसा द्यायचा, फवाऱ्यानं जाग आली तरी औषधाचा असर उतरल्यावर माणूस परत बेशुद्ध होऊ शकतो म्हणून त्याला सोडून का जायचं नाही, हे सगळं. माझ्या वाट्याला काय, तर वर्दी. लोक ॲम्ब्युलन्सला फोन करायला घाबरतात, पोलीस आले तर आपल्यालाच आत टाकतील म्हणून. तर वर्दीतल्या माणसानं उभं राहून सांगायचं, की आधी जीव, चौकशी मग. आणि बाई तो आवाज काढायच्या.

दुःखी बाई म्हणून कुणी सहानुभूती दाखवायला गेलं तर त्यांना खपायचं नाही. त्यांची जीभ तिखट. माझ्या सदऱ्याचा खांदा उतरलेला बघून त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला मशीनसमोर उभं केलं. "हवालदारसाहेब, श्वास सोडा आता, मी माप घेतेय, पंचनामा नाही करत." तेव्हापासून माझी वर्दी त्यांच्याच हातची. तोंडात टाचण्या धरून बोलायच्या, तरी प्रत्येक शब्द कळायचा.

पोलिसांसमोर बोलायलाही त्या डरल्या नाहीत. एकदा त्यांनी आवाज काढला तसा मागून एक शिपाई म्हणाला, आमचे साहेब रोज दुपारी असेच घोरतात. हॉल खो खो हसला. बाईही हसल्या. म्हणाल्या, मग जा, खांदा धरून हलवा, छातीच्या हाडावर मूठ घासा. शिव्या दिल्या तर साहेब ठीक आहेत. नाही दिल्या तर धावा. इतकं सोपं करून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमचे लोक काय करायचे, तर थोबाडीत मारायचे, थंड पाणी ओतायचे, मीठपाणी पाजायचे, दोन्ही बाजूंनी धरून चालवायचे. आणि त्यात माणूस जायचा.

एक जमादार मात्र तोंड वाकडं करून म्हणाला, असल्यांना वाचवून करायचं काय, उद्या परत घेणारच. मी उठणार होतो त्याची कानउघाडणी करायला. बाई शांतपणे म्हणाल्या, "घेईल की. पण उद्या घ्यायला तो असेल तरी."

प्रत्येक ठिकाणी आपल्या मुलाची गोष्ट सांगताना बाई एक वाक्य न चुकता म्हणायच्या, "मला वाटलं झोप लागली, मी दार लावून घेतलं." आवाज कापायचा नाही. मला वाटायचं, काय काळीज आहे या बाईचं.

मग बस डेपोचं निघालं. शेवटच्या थांब्यावर एका बसमध्ये मागच्या सीटवर एक तरुण प्रवासी मेलेला सापडला होता. कंडक्टरला वाटलं झोपलाय. त्यामुळे डेपोवाल्यांनी स्वतःहून आम्हाला बोलावलं. आमच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. किती ड्रायव्हर, किती कंडक्टर, आणि प्रत्येकाच्या बसमध्ये रोज मागच्या सीटवर कुणी ना कुणी पेंगत असतंच. मी खुशीत बाईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, मी नाही येणार.

मी भडकलो. म्हटलं, पोलिसांच्या बराकीत येता, स्टेशनामागच्या गल्लीत येता आणि डेपोत यायला काय झालं? तुमच्या यजमानांचाच तर डेपो. त्यांचे यजमान त्या डेपोत ड्रायव्हर होते, हे मला ठाऊक होतं. सावकाश बोलणारा, हसरा माणूस. आमच्या एकाही कार्यक्रमाला ते आलेले नव्हते. मला ते ऐकवणार नाही, तू जा, म्हणायचे.

बाईंनी मशीन थांबवलं. मला बसा म्हणाल्या.

"दार ह्यांनी लावलं होतं," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी यजमान पहिली पाळी करून घरी आले होते. पोराचं घोरणं ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला, की बाईंनी तो तसा कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. झोपू दे त्याला, म्हणाले. मशीन बंद कर म्हणाले. खिडकीतून ऊन येत होतं तर स्वतःचा टॉवेल तिथे अडकवला, पोराच्या अंगावर चादर ओढली, आणि दार असं लावलं की कडीचाही आवाज नको. त्यांना कुणीच सांगितलेलं नाही की ते घोरणं काय होतं. नातेवाईक येतात, पोराचा विषय निघतो, तेव्हा ते एकच सांगतात, की जन्मभर त्याच्यावर ओरडलो, पण शेवटची झोप तरी मी त्याला शांत दिली.

"तेवढंच आहे त्यांच्याकडे," बाई म्हणाल्या. "ते मी काढून घेऊ?"

म्हणजे इतकी वर्षं ही बाई गावभर फिरून स्वतःच्या नावावर दार लावत होती, का तर कुणाच्या तरी तोंडून फिरत फिरत ती गोष्ट घरी गेलीच, तर त्यात नवऱ्याचा हात नसावा. मला मघाशी भडकलो त्याची लाज वाटण्यापेक्षा भीतीच जास्त वाटली. एवढं पोटात ठेवून माणूस जगतो कसा?

आम्ही दोघांनी मिळून तोड काढली. यजमानांची पाळी बघून तारीख धरायची. ते लांबच्या मार्गावर गेलेले असतील, परत यायच्या आत कार्यक्रम संपेल. सिस्टरना मी सगळं सांगितलं. बाई तयार झाल्या. आपण अगदी डोळ्यांत तेल घालून ठरवलं, असं मला वाटत होतं.

पण डेपोत गोष्ट लपते का? कुणीतरी यजमानांना म्हणालं, अहो, वहिनी आम्हाला शिकवायला येणार म्हणे, आणि तुम्ही नसणार? त्यांना वाटलं असणार, बायको एवढं करते आणि आपण एकदाही गेलो नाही. त्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरशी पाळी बदलून घेतली. आम्ही डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत पाऊल टाकलं, तर कडक इस्त्रीचा गणवेश घालून, केस पाणी लावून बसवून, पहिल्या रांगेत यजमान बसलेले. शेजारच्यांना सांगत होते, ही आमची.

बाईंची पावलं दारातच थांबली. मी पुटपुटलो, आज आवाज नका काढू, सिस्टर नुसतं सांगतील. त्यांनी मान डोलावली.

सुरुवात बरी झाली. सिस्टरनी ओठ सांगितले, नखं सांगितली. घोरण्यावर आल्या तशा नेहमीपेक्षाही भराभर बोलून पुढे गेल्या, फवारा दाखवला, बाहुल्यावर श्वास देऊन दाखवला. औषध हाताशी नसलं तरी नुसत्या श्वासावर माणूस तगवता येतो, मदत येईपर्यंत मध्ये थांबायचं नाही, म्हणाल्या. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात मागून एक कंडक्टर उठला. त्याच्याच बसमध्ये तो तरुण गेला होता. त्या दिवसापासून त्याची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो म्हणाला, "मॅडम, माझा प्रवासी चांगला घोरत होता. मरणारा माणूस घोरतो का? घोरत होता म्हणून तर मी उठवलं नाही."

सिस्टर म्हणाल्या, ते घोरणं वेगळं असतं. त्यानं विचारलं, वेगळं म्हणजे कसं. उद्या परत कुणी घोरला तर मी ओळखू कसं? खोलीतले सगळे ड्रायव्हर, सगळे कंडक्टर सिस्टरांकडे बघायला लागले, आणि सिस्टर बाईंकडे.

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. ते त्यांच्याकडे बघून धीर द्यायला हसले, की सांग ना, घाबरू नकोस. ते हसणं मला मरेपर्यंत विसरता येणार नाही.

बाईंनी तो आवाज काढला. लांब, ओलसर, मध्येच अडकणारा.

"हाच," कंडक्टर म्हणाला आणि मटकन खाली बसला.

मी यजमानांकडे बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेल्यासारखा झाला. बाई त्यांच्याकडे न बघता भरभर बोलत सुटल्या, माझा मुलगा असाच घोरत होता, मला वाटलं झोप लागली, मी दार लावून घेतलं.

यजमान उभे राहिले.

"तू नाही," ते म्हणाले. "दार मी लावलं."

बाई म्हणाल्या, अहो, खाली बसा. ते बसले नाहीत. सिस्टरांना त्यांनी विचारलं, तेव्हा हलवून बघितलं असतं तर? सिस्टर प्रामाणिक बाई. म्हणाल्या, तेव्हा हे औषध कुणाच्या घरात नव्हतं हो, तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, काही सांगता येत नाही. यजमान म्हणाले, पण श्वास देता आला असता. तुम्ही आत्ताच म्हणालात. मी बाहेर चहा पीत बसलो होतो, दाराच्या अलीकडे.

माझ्या बोलण्याची पाळी होती, वर्दीतल्या माणसाची. मी टोपी काढून हातात धरली.

ते पुढे आले. जमिनीवर बाहुला ठेवलेला होता, त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसले. सिस्टरनी दाखवलं तसं डोकं मागे केलं, हनुवटी उचलली, नाक दाबलं आणि श्वास दिला. बाहुल्याची छाती वर आली. दुसरा दिला. अगदी बरोबर, एकही चूक नाही. आम्ही शिकवलेल्या इतक्या लोकांत पहिल्याच खेपेला असं कुणाला जमलं नव्हतं. देत राहिले. गणवेशाची इस्त्री मोडली, घाम टपकायला लागला, तरी देत राहिले. शेवटी बाई त्यांच्याशेजारी खाली बसल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, पुरे आता. त्यांनी ऐकलं नाही. मग बाईंनी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी बाहुल्यापासून उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार उघडंच ठेवलं. ते लावायची माझी हिंमत झाली नाही.

तो कंडक्टर आता शेवटच्या थांब्यावर प्रत्येक झोपलेल्याला हलवतो, शिव्या खातो. एकदा एक मुलगी उठली नाही. त्यानं श्वास दिला, ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि ती वाचली. मी धावतपळत बाईंना सांगायला गेलो. त्या खाली मान घालून काज करत होत्या. चांगलं झालं, म्हणाल्या. त्या मुलीच्या आईला कळवलं का, एवढंच विचारलं.

मला राहवलं नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, बाई, इतकी वर्षं एकटीनं ओढलंत, आता निदान दोघांत वाटलं गेलं, भार हलका झाला असेल. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या, फार थकल्या होत्या.

"भार तेवढाच आहे हो," त्या म्हणाल्या. "आधी घरात एकाला तरी झोप लागत होती."